ॲलोप्युरिनॉल सुरू केलं आणि अंगठा पुन्हा सुजला, असं का?

खलबत्ता:
गाऊटच्या (युरिक ॲसिड साठून सांधे सुजण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं रक्तातलं युरिक ॲसिड ९.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर होतं. ते उतरवणारं ॲलोप्युरिनॉल १०० मिग्रॅ रोज सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात ते ७.९ वर आलं, म्हणजे गोळी लागू पडतेय. पण त्याच आठवड्यात पायाचा अंगठा लालबुंद, चादर टेकली तरी कळ. ॲसिड उतरत असताना दुखणं का उठावं? आणि गोळी थांबवायची का?

माळरान:
थांबवायची नाही. हा गोळीचा दोष नाही, ती काम करतेय याची खूण आहे.

३७ अंशाला रक्तात साधारण ६.८ मिग्रॅ प्रति डेसिलिटर एवढंच युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, विरघळून राहतं. त्यावरचं सुईसारखे स्फटिक होऊन सांध्यात बसतं. अंगठा शरीराच्या मानाने गार, म्हणून बहुतेकदा तिथेच आधी. आता रक्तातली पातळी घसरली की ही पुटं बाहेरून विरघळायला लागतात. बंबातला जुना क्षार सुटताना कपचे पडतात ना, तसे स्फटिक सुटून सांध्याच्या पाण्यात येतात. पांढऱ्या पेशी ते गिळतात, इंटरल्युकिन-१ हे सूज पेटवणारं रसायन सोडतात, आणि सूज भडकते.

गोळी स्वतः सूज उतरवत नाही, ठणकाही मारत नाही. झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम अडवून ती फक्त युरिक ॲसिड कमी तयार होऊ देते. मध्येच बंद केली की पातळी चढते, महिन्याने पुन्हा सुरू केली की पुन्हा तोच खेळ, आणि मग कायमचा शिक्का: 'मला ती गोळी सोसत नाही.'

कडूकिराईत:
माझ्या मते चूक झाली ती आधीच: सोबत सूज रोखणारं कोल्चिसिन दिलेलं दिसत नाही. ॲलोप्युरिनॉलबरोबर कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ दिवसातून एकदा किंवा दोनदा, ३ ते ६ महिने, असा आडोसा देतात. पेशीच्या आतला ट्युब्युलिन या प्रथिनाचा सांगाडा ते उभा राहू देत नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशी सांध्याकडे नीट धावू शकत नाहीत.

ठणका उठलाच तर कोल्चिसिन १ मिग्रॅ लगेच, तासाने ०.५, आणि त्या दिवसापुरतं तेवढंच. पहिल्या १२ तासांत घेतलं तर खरा उपयोग. जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी देण्याची जुनी पद्धत सोडून द्या. फायदा तेवढाच, त्रास कितीतरी जास्त. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही हेच कोल्चिसिन असतं, आणि तो कंद खाऊन माणसं दगावतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन रक्तात साठतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीच. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

खलबत्ता:
समजलं. मग १०० वरच ठेवायचं की वाढवायचं?

माळरान:
वाढवायचं. लक्ष्य ६ च्या खाली. कानाच्या पाळीवर, कोपरावर गाठी असतील तर ५ च्या खाली. दर ४ आठवड्यांनी रक्त तपासून ५० ते १०० मिग्रॅ वर. कित्येक जण वर्षानुवर्षं १०० वर आणि पातळी ७.५, म्हणजे स्फटिक जागच्या जागी. मूत्रपिंड कमजोर असेल तर सुरुवात ५० किंवा त्याहून कमी, कारण गोळीचा सक्रिय भाग, ऑक्सिप्युरिनॉल, लघवीवाटेच बाहेर पडतो.

गोळी तिथल्या तिथे बंद करायची ती अंगावर पुरळ आलं तर. ताप, तोंडात फोड, डोळे लाल असं काही सोबत असेल तर थेट रुग्णालय. हा धोका पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त. आणि प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन चालू असेल तर दोन्ही एकत्र नकोत: तेच एन्झाइम ॲझाथायोप्रिनही मोडतं, ते अडलं की औषध साठतं आणि अस्थिमज्जा दबते, म्हणजे रक्तपेशी कमी बनतात.

सुपारीदाणा:
दोन गोष्टी राहिल्या. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर ते युरिक ॲसिड चढवतं. लोसार्टन हे रक्तदाबाचंच औषध ते थोडं उतरवतं. डॉक्टरांशी बोलून बदल करता येतो. आणि तूरडाळ, पालक बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण भाजी-डाळींतल्या प्युरिनचा (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) गाऊटशी फारसा संबंध दिसलेला नाही. बियर, कलेजी, तारली आणि साखरेची थंड पेयं, हे आधी कमी करा.

आणि ठणका चालू असताना काढलेल्या रक्तात आकडा नॉर्मल दिसू शकतो. उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा काढा.