दहा बाय बाराच्या खोलीत भिंतभर आरसा लावावा का?

सायली_डोंबिवली
वन आरके आहे, खोली १० बाय १२. खिडकी एकच, पश्चिमेला, आणि समोर लगेच दुसरी इमारत. खिडकीच्या समोरच्या भिंतीला सोफा. खिडकीकडे तोंड केलं तर डाव्या हाताला, सोफ्याच्या बाजूला, स्वयंपाकघर. त्याला दार नाही. सुतार म्हणतो, सोफ्यामागे छतापर्यंत आरसा लावा, खोली दुप्पट दिसेल. सासूबाई म्हणतात, घर आहे की सलून? कुणी लावलाय का? रोज राहायला कसं वाटतं?

निवांत
आमच्याकडे आहे. लहान पोरं असतील तर फडकं हातातच ठेवा.

काचवाले_काका
दादरला काचेचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. सासूबाईंचं अगदीच चूक नाही.

आरसा वस्तू जितकी समोर असेल तितकीच आत दाखवतो. खिडकी १२ फुटांवर, म्हणजे भिंतीपलीकडे १२ फुटांवर आणखी एक खिडकी. खोली मोठी वाटते ती यामुळेच. पण तुमच्या त्या दुसऱ्या खिडकीत काय येणार? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. रात्री दिवे लागले की त्यांनाही तुमचं घर पुढून-मागून दिसेल. छतापर्यंत नेलात तर पंखाही आत फिरत बसतो, त्याचा वैताग वेगळा.

आणि वजन. ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो. १० बाय ६ फूट धरलं तरी ७० किलोच्या आसपास, तेही बसणाऱ्यांच्या डोक्यामागे.

त्यापेक्षा उजव्या भिंतीवर, खिडकीला अगदी लागून, अडीच बाय पाच फुटांचा उभा आरसा लावा. सोफ्यावरून बघितलंत की त्यात खिडकी आणि तिच्याजवळची भिंत येते, ओटा येत नाही. खिडकीच रुंद झाल्यासारखी वाटते. ती भिंत उत्तरेची, म्हणजे वास्तुवालेही गप्प. सुताराला काम देण्याआधी कपाटाचा आरसा कुणालातरी तिथे धरायला लावा आणि तुम्ही सोफ्यावर बसून बघा.

मागे ६ मिमी प्लाय हवा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच मागा. व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यातल्या ॲसिडने मागचा मुलामा खराब होतो आणि काळे डाग येतात. तेव्हा सुतार फोन उचलत नाही.

गिरगावकर
इराण्याकडे भिंतींवर आरसे असायचेच की. तिथे कुणी सलून म्हणालं नाही.

काचवाले_काका
इराण्याचं छत केवढं उंच! आरसे टेबलांच्या वर, बसलेल्याला स्वतःचा ब्रून मस्का दिसायचा नाही. गल्ल्यावरच्या शेठला मात्र सगळं हॉटेल दिसायचं.

सायली_डोंबिवली
काका, आत्ताच धरून बघितला. खरंच ओटा दिसत नाही. पण त्याच जागी सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे. तो हलवायचा विषय मी काढणार नाही.

काचवाले_काका
मग फोटो समोर डाव्या भिंतीवर न्या, खिडकीजवळ. आरशातही दिसेल. सासूबाईंना आधी हेच सांगा, आरशाची मापं नंतर.