मोडी कागदांचे स्कॅन फोनवर पाठवले की अक्षरं फिसकटतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या दप्तरातली जुनी मोडी लिपीतली खतं (दस्तऐवज) मी ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केली आहेत. ए४ आकाराचा एक कागद म्हणजे ४९६० × ७०१६ पिक्सेल. संगणकावर सगळं लख्ख दिसतं, अगदी बोरू शाईत बुडवल्यावर रेघ कुठे जाड झाली तेसुद्धा.

लिप्यंतर आमचे एक नातलग काका करून देतात. त्यांचं वय झालंय, संगणक नाही, जे वाचतात ते फोनवरच. चॅटमधून साधा फोटो म्हणून पाठवलं की त्यांच्याकडे लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेलची पोचते. वर जेपेगचं कॉम्प्रेशन ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत चालतं, त्यामुळे बारीक रेघांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. मोडीत हे फार नडतं. एकतर हात न उचलता लिहिलेलं, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. त्यात रुपयांपुढे आणे दाखवणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा असतात, त्यातली एक जरी पुसट झाली तरी रक्कमच बदलते! काका फोन करून विचारतात, "इथे एक रेघ आहे की दोन?" आणि मला संगणक उघडून सांगावं लागतं.

एचडी पर्यायाने थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही.

मग डॉक्युमेंट म्हणून पाठवून पाहिलं. फाइल जशीच्या तशी पोचली, आकार तपासला, एक केबीसुद्धा कमी नाही. पण त्यांच्या फोनच्या गॅलरीत झूम केलं की एका मर्यादेनंतर चित्र धूसरच राहतं. इतकी मोठी फाइल उघडताना गॅलरी स्वतःच लहान प्रत दाखवत असावी, असा माझा अंदाज आहे. हे खरं असेल तर पूर्ण पिक्सेल दाखवणारं, जाहिराती नसलेलं, वयस्कर माणसाला झेपेल असं कुठलं अ‍ॅप आहे का?

दुसरा विचार असा की कागदाचे आडवे काप करून पाठवावेत, प्रत्येकात चार-पाच ओळी, वरची एक ओळ पुन्हा घेऊन. कुणी असं केलंय का? काप पीएनजीत (दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू की वरच्या दर्जाचं जेपेग पुरे? पीडीएफ करायची तर त्यातल्या चित्रांचा दर्जा कमी होऊ नये म्हणून कुठली सेटिंग बघायची?

निव्वळ काळं-पांढरं करा असं कृपया सुचवू नका. तसं केलं की ओलीचा डाग आणि शाईची रेघ यांतला फरकच उरत नाही.

काकांचा फोन अँड्रॉइड आहे, मेमरी ४ जीबी.