ऊर्ध्वपातन: हिंदीतलं आणि मराठीतलं

प्रश्न: एका प्रयोगाची कृती हिंदीतून मराठीत आणतोय. 'ऊर्ध्वपातन' शब्द तसाच ठेवला, तर तपासणाऱ्यांनी विचारलं, "मग संघनक (वाफ थंड करणारी नळी) कुठाय?" कृती अशी: बाष्पनपात्रात मीठ आणि नवसागर, वर उपडं नरसाळं, नळीच्या तोंडाशी कापूस. संघनक नाहीच! चुकलं कुठे?

– हिंदीतलं ऊर्ध्वपातन म्हणजे आपलं संप्लवन, स्थायूची थेट वाफ होणं. आपण ज्याला ऊर्ध्वपातन म्हणतो ते हिंदीत आसवन: द्रव उकळायचा, वाफ थंड करायची, थेंब दुसऱ्या भांड्यात धरायचे. तुमच्या नरसाळ्याला आतून पांढरा थर धरतो ना? संप्लवन लिहा आणि मोकळे व्हा. पुढे 'आसुत जल' आलंच, तर ते ऊर्ध्वपातित पाणी.

– पण संघनक नळी तर उतरती लावतात, थेंब खालीच येतात. मग 'ऊर्ध्व' कशाला?

– शब्द रसशास्त्रातून, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या औषधविद्येतून आलाय. पारा शुद्ध करायला तिथे तीन पातनं: ऊर्ध्व (वर), अधः (खाली) आणि तिर्यक् (तिरपं). ऊर्ध्वपातनात दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवायची, सांधा कापडमातीने लिंपायचा, खाली जाळ आणि वरच्या मडक्याच्या बुडावर ओलं फडकं. पारा वरच्या मडक्यात आतून जमतो. म्हणजे 'ऊर्ध्व' ही नुसती दिशा. पदार्थ स्थायू की द्रव, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हिंदीने वर जमणं उचललं, मराठीने वाफ करून थंड करणं. आजची उतरत्या नळीची मांडणी खरं तर तिर्यक्पातनाला जवळची, पण आता हे कोण ऐकणार?

– त्यापेक्षा आसवनच घेऊ या. आसवनी (डिस्टिलरी) शब्द मराठीत आहेच की.

– तिथेही गोची आहे. आयुर्वेदातलं आसव आंबवून करतात. वाफेवर काढतात तो अर्क. आणि संस्कृतात संप्लव म्हणजे पूर! व्युत्पत्तीच्या मागे लागलात तर तिन्ही शब्द हातचे जातील.

– जरा विषयांतर. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात, थंड जागी पुन्हा जुळतात, म्हणजे हे निखळ संप्लवन नव्हे. संप्लवनाचं चोख उदाहरण द्यायचं तर कोरडा बर्फ द्या, उणे ७८.५ अंश सेल्सिअसला त्याचा थेट वायू होतो.

– आणि 'उर्ध्व' नको हो, 'ऊ' दीर्घ.