१४ संघ म्हणजे विजेतेपद खिशात नव्हे

साउथईस्टर्न कॉन्फरन्स या अमेरिकन कॉलेजांच्या गटातल्या १६ पैकी १४ संघांना एनसीएएचं, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचं, तिकीट मिळालं, म्हणून यंदा, म्हणजे २०२५ला, करंडक त्यांचाच, असं तुम्ही म्हणता. थोडं थांबा. याआधीचा विक्रम बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सचा, २०११ साली ११ संघांचा. त्यातले शेवटच्या १६ मध्ये पोचले फक्त दोन! करंडक मात्र त्यातल्याच कनेटिकटने उचलला, तोही स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये साखळीत नववा असताना. त्यामुळे संख्येवर जाऊ नका.

साउथईस्टर्नच्याच ऑबर्नला अव्वल मानांकन आहे खरं, पण शेवटच्या चारपैकी तीन सामने हरून ते येतायत. त्यांचा खेळाडू ब्रूम एकटा किती ओढणार? मला याच कॉन्फरन्सचा फ्लोरिडा जास्त भरवशाचा वाटतो. त्यांनी नॅशव्हिलमध्ये कॉन्फरन्सचा करंडक आत्ताच जिंकलाय आणि अडचणीच्या वेळी चेंडू त्यांच्या क्लेटनच्या हातात असतो.

खरी गंमत स्पर्धेच्या चार विभागांपैकी मिडवेस्ट विभागात आहे. तिथे साउथईस्टर्नच्याच टेनेसीला दुसरं मानांकन, केंटकीला तिसरं. दोघेही दोन-दोन सामने जिंकले तर आपसातच भिडणार. आणि केंटकीने टेनेसीला या मोसमात दोन्ही वेळा हरवलंय, त्यातलं एकदा तर त्यांच्याच घरी. टेनेसीवाले देवाला नवस बोलत असतील, केंटकी आधीच बाहेर पडू दे म्हणून!