भागोजी नाईकांच्या टोळीतली पोरं जगायची कशी?

गंगाघाट_नाशिक: पुण्याला जाता-येता सिन्नर सोडलं की नांदूर शिंगोटे लागतं, तिथल्या, इंग्रजांशी लढलेल्या भागोजी नाईकांचं नाव ऐकून आहे, पुढं काही नाही. आता पोराच्या शाळेत १८५७ वर नाटक बसवायचंय आणि मला नाईक नकोय, त्यांच्या टोळीतला अठरा-वीस वर्षांचा भिल्ल पोरगा पाहिजे. तो टोळीत का गेला असेल, खायचा काय, हत्यार कोणतं? भाषणबाजी टाळायचीय.

सिन्नरचा_वारा: का गेला हे आधी पोटात शोधा, झेंड्यात नंतर. भागोजी स्वतः नगरच्या पोलिसात होते, १८५५ ला दंगा आणि पोलिसांना अडवलं म्हणून शिक्षा झाली, सुटल्यावर वर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला, मग १८५७ ला गाव सोडून पन्नासेक माणसं घेऊन पुणे रस्त्याच्या जवळच ठाण मांडलं. ४ ऑक्टोबरला लेफ्टनंट हेन्री पोलीस घेऊन आला, आधी मामलेदारांकरवी बोलणी केली. नाईकांचा निरोप काय, तर दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पोटापाण्याचं बघा!! हेन्रीनं चाल केली आणि गोळ्या लागून तिथंच मेला. पहिला सीन हाच घ्या, मामलेदार घाम पुसत निरोप घेऊन परत येतोय.

डोंगरवाट: हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक, तलवार, तिरकमठा. तोडा म्हणजे जळती वात, ती पावसात भिजली की बंदुकीची काठी होते आणि अंधारात तिचा निखारा लांबून दिसतो, त्यामुळं रात्री दबा धरताना वात मुठीत झाकायची, हे पोराच्या हाताला चटक्यासकट दाखवा. खाणं आमच्याकडं पूर्वेला बाजरी, अकोले-इगतपुरीकडं नाचणी-वरई, उन्हाळ्यात करवंदं. पण टोळी जगते ती गावातून गुपचूप येणाऱ्या भाकरीवर, म्हणून त्याची आई नाहीतर बहीण नाटकात हवीच.

वरईची_भाकर: एक गोष्ट सगळे गाळतात. टोळीच्या मागावर गोरे कमी, आपलीच पोरं जास्त होती. कॅप्टन नटॉलनं १८५८ ला कोळ्यांची पलटण उभारली, ज्या डोंगरात टोळी लपायची तिथंच वाढलेली पोरं. हिरवा फेटा, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत गडद लाल धोतर, पायात वहाणा, तंबू नाही सामान नाही, शिधा पाठीवर टाकून कडा उतरायची. त्यांचा फेट्याचा रंगसुद्धा सरकारी कागदात आहे, टोळीतल्या पोरांची मोजदाद मात्र मेल्यावर. आणि तिकडं पेठ-हरसूल भागातल्या कोळ्यांनी डिसेंबर १८५७ मध्ये हरसूलचा बाजार लुटला, पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजाला त्यात फाशी झाली, त्यामुळं कोळी इंग्रजांचे आणि भिल्ल देशाचे असं सरळ काही करू नका प्लीज.

गंगाघाट_नाशिक: बापरे, मग समोर त्याचा ओळखीचा पलटणवाला उभा करतो, लहानपणी एकाच ओढ्यात मासे धरलेले. शेवट कुठं करू?

सिन्नरचा_वारा: फेब्रुवारी १८५९ ला संगमनेरकडं अंभोऱ्याच्या दऱ्यात नाईकांचा मुलगा यशवंत पडला, तुमच्या पात्राच्या वयाचा धरायला हरकत नाही. नाईक पुढं नऊ महिने लढत राहिले, ११ नोव्हेंबरला फ्रँक सूटरनं मिठसागऱ्याला गाठून मारलं, हाच सूटर नंतर मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. मी तर अंभोऱ्यावर थांबलो असतो, मिठसागरं घ्यायला स्टेजवर घोडे लागतील आणि शाळेचं बजेट तुम्हाला ठाऊक.