'धार्मिक शिक्षण' म्हणायचे की दुसरे काही?

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात चार-पाच धर्मांच्या घरांतली मुले आहेत, आणि कुठलाच धर्म न पाळणाऱ्या घरांतलीही. तिसरी-चौथीच्या मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणारा आठवड्याला एक तास सुरू होतो आहे. शिक्षकांसाठी मराठी पुस्तिका लिहायचे काम माझ्याकडे आले आणि मी मुखपृष्ठावरच अडले. इंग्रजीत 'रिलिजस एज्युकेशन' लिहिले की भागते. मी 'धार्मिक शिक्षण' लिहिले, तर दोन पालकांनी लगेच विचारले, "म्हणजे पूजापाठ शिकवणार का?" धर्मशिक्षण, धर्माभ्यास, धर्मपरिचय, मूल्यशिक्षण यांतला कोणता शब्द घ्यावा?

---

ताई, पालकांनी शब्द अगदी नेमका ऐकला. 'धार्मिक ग्रंथ' म्हणजे धर्माशी संबंधित ग्रंथ; पण 'आजी फार धार्मिक आहे' म्हटले की ती श्रद्धाळू, नेमधर्म पाळणारी. त्यात पुढे 'शिक्षण' जोडले की दुसरा अर्थ बळावतो. वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर होतो, लष्करी शिक्षण घेतलेला सैनिक होतो. त्याच चालीने धार्मिक शिक्षण घेतलेले मूल काय होणार, हा प्रश्न पालकांना पडणारच.

'धर्मशिक्षण'ही नको. प्रत्येक समाज आपल्या मुलांना आपला धर्म शिकवतो, त्यासाठी तो शब्द वापरात आहे आणि तिथे तो शोभतो. 'धर्माभ्यास' मोठ्यांच्या विद्यापीठीय विषयाला चालेल, पण 'योगाभ्यास'मधला अभ्यास म्हणजे सराव, आणि मुलांच्या लेखी अभ्यास म्हणजे गृहपाठ. 'मूल्यशिक्षण' तर मला मुळीच पटत नाही. खरेपणा, दया ही मूल्ये धर्माचे नाव न घेताही शिकवता येतात. धर्मांची माहिती द्यायच्या तासाला ते नाव दिले, तर ज्या घरात धर्म नाही तिथे मूल्येही नाहीत असे आपण न बोलता सांगून बसतो.

माझे मत 'धर्मपरिचय'ला. परिचय झाला म्हणून कोणी दुसऱ्याच्या घरचा होत नाही.

---

वरच्या मताला कायद्याची एक जोड देतो. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यात या तासाला 'रिलिजस इन्स्ट्रक्शन' म्हटले होते. १९८८ च्या कायद्याने 'इन्स्ट्रक्शन' जाऊन 'एज्युकेशन' आले, आणि ख्रिस्ती धर्माबरोबर देशातल्या इतर प्रमुख धर्मांची दखल अभ्यासक्रमात घेणे बंधनकारक झाले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत जी बंदी घातली, ती याच 'इन्स्ट्रक्शन'वर. कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयी शिकवणे अनुच्छेद २८ च्या आड येत नाही, असा निर्णय दिला. अडचण अशी की मराठीत दोन्हींना आपण 'धार्मिक शिक्षण'च म्हणतो. जो फरक कायदा एवढ्या काळजीने करतो, तो आपल्या बोलण्यात पुसला जातो. म्हणून वेगळा शब्द हवाच.

---

पटले, 'धर्मपरिचय' नक्की करते. पण खुद्द 'धर्म' शब्द मुलांपुढे कसा ठेवायचा? परवा विज्ञानात पाण्याचे गुणधर्म शिकवले, तर एका मुलाने विचारले, "बाई, पाण्याचा धर्म कोणता?" मला पटकन उत्तर सुचले नाही.

---

त्या मुलाच्या प्रश्नापासूनच पहिला तास सुरू करा! 'धृ' म्हणजे धारण करणे, त्यावरून धर्म. गुणधर्म, शेजारधर्म, राजधर्म, आपद्धर्म, दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना: यांतल्या एकाही शब्दात अमुक समाज असा अर्थ नाही. कुठे स्वभाव आहे, कुठे कर्तव्य, कुठे परोपकार. 'रिलिजन' हा त्या मोठ्या शब्दातला एक अर्थ. मुलांना आधी शेजारधर्म विचारावा. तो सगळ्यांच्या घरी असतो.

---

शीर्षकावर एवढी चर्चा झाली, पण मला जास्त काळजी वाटते ती वर्गातल्या साध्या वाक्यांची. बरीच वर्षे शिकवल्यावर लिहितो आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, इंग्रजीला ही सोय नाही. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. बाई म्हणतात, "आपण दिवाळी साजरी करतो आणि ते लोक ईद साजरी करतात." या एका वाक्यात समोर बसलेली सलमा वर्गाबाहेर गेली. ती त्याच बाकावर बसलेली असते, पण 'आपण'मध्ये नसते. मुलांना हे व्याकरण शिकवावे लागत नाही, त्यांना ते तत्क्षणी कळते. मी स्वतःही हे वाक्य कितीदा बोललो असेन, आणि ते आठवले की अजून वाईट वाटते. या तासाला 'आपण' फक्त वर्गासाठी ठेवावा: आपण पाहू, आपण विचारू, आपण ऐकू. सण सांगताना नाव घ्यावे: "अनेक मुस्लिम कुटुंबे रमजानमध्ये रोजे ठेवतात." 'अनेक' आणि 'काही' हे शब्द फार कामाचे आहेत, कारण एकाच धर्माच्या दोन घरांत रीत सारखी असेलच असे नाही. त्याच कारणाने एखाद्या मुलाला उभे करून "सांग, तुमच्यात काय करतात?" असे विचारू नये. 'तुमच्यात' हा शब्दच मुलाला एकटे पाडतो.

दुसरी जोडी 'मानतात' आणि 'समजतात'. "ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात" यात त्यांची श्रद्धा त्यांच्या नावावर राहते, शिक्षक ना होकार देतो ना नकार. "समजतात" म्हटले की "पण तसे नाही" हे मागून ऐकू येते. आणि एका धर्माला 'मानतात', दुसऱ्याला 'समजतात' असे तर कधीच होऊ नये. तसेच एका धर्मातले चमत्कार 'घडले' आणि दुसऱ्यातली 'दंतकथा', हेही नको. लहान मुलांसाठी 'गोष्ट' हा शब्द सगळ्यांना पुरतो.

---

वरच्या सरांना जोडून आदरार्थी रूपांविषयी. मराठीत देवाला एकेरी हाक मारतात, विठ्ठलाला 'तू' म्हणण्यात जवळीक आहे. मराठी बायबलमध्येही "येशू म्हणाला" असे एकेरी येते. पण पैगंबर, गुरू नानक, बुद्ध, महावीर यांच्यासाठी अनेकवचनच रूढ आहे. मग एकाच पानावर "कृष्ण म्हणाला" आणि "पैगंबर म्हणाले" असे आले, तर मुले विचारतील की कोण मोठा? सगळे सपाट करून टाकू नये असे मला वाटते. ज्या त्या समाजात जे रूप प्रेमाने वापरतात तेच ठेवावे, आणि एकेरी म्हणजे अनादर नव्हे, हे मुलांना सांगावे. आईला आपण 'तू'च म्हणतो, एवढे उदाहरण पुरते.

---

पुस्तिकेच्या उद्दिष्टांत 'सहिष्णुता' लिहिणार असाल तर जरा थांबा. 'सह्' म्हणजे सोसणे. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी हा शब्द आपल्याला आवडत नसल्याचे म्हटले आहे: त्यात दुसऱ्याचा धर्म आपल्यापेक्षा कमी असल्याचा भाव येऊ शकतो. त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनी सुचवलेला 'आदर'ही त्यांना पुरेसा वाटला नाही, त्यातही उपकाराची छटा दिसली. सर्वधर्मसमभावाचा विचार त्यांनी असा शब्द पारखत मांडला.

पण समभावातही धर्म न मानणारे घर कुठे बसते? 'नास्तिक' शब्द मराठीत आरोपासारखा वाजतो. मनुस्मृतीत तर "नास्तिको वेदनिन्दकः" अशी व्याख्या आहे, म्हणजे त्या अर्थाने जैन आणि बौद्धही नास्तिक ठरतात. मुलांसाठी "काही घरांत देव मानत नाहीत" हे सरळ वाक्य बरे.

---

खूप आभार. 'सहिष्णुता' खोडली, 'धर्मांची ओळख आणि एकमेकांविषयी समभाव' असे लिहिले. एक शेवटची शंका: देऊळ, मशीद, चर्च, विहार, गुरुद्वारा या सगळ्यांना मिळून 'प्रार्थनास्थळे' म्हणू का?

---

रूढ आहे, चालेल. पण आत जे होते त्याला सगळीकडे 'प्रार्थना' म्हणू नका. विहारात वंदना होते, मशिदीत नमाज अदा करतात, गुरुद्वाऱ्यात अरदास, देवळात पूजा आणि आरती. प्रत्येक क्रियेला तिचे स्वतःचे नाव आहे आणि मुलांना ती नावे घरून ठाऊक असतात. फळ्यावर कोरी जागा ठेवा आणि ज्याला लिहावेसे वाटेल त्याला लिहू द्या.