पुतण्या डिस्क प्लेयर आणतोय, मोठा घेऊ का?

(सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे. शनिवार सकाळ.)

देशमुख काका, बी-६०३: नमस्कार मंडळी. एक सल्ला हवा होता. न्यू जर्सीचा पुतण्या दिवाळीला येतोय, म्हणतो काका तुम्हाला चांगला ४के डिस्क प्लेयर आणतो. दोन मॉडेलं सुचवलीत, दोन्ही पॅनासॉनिकची. यूबी-८२० आणि यूबी-९०००. बाजारात आले तेव्हा एक ५०० डॉलरचा होता, दुसरा १००० चा. पैसे मीच देणार, तो फक्त बॅगेत घालून आणणार. माझ्याकडे सध्या २०११ चा ब्लू-रे प्लेयर आहे. डिस्क २३० च्या आसपास, त्यात ४० ब्लू-रे, बाकी डीव्हीडी. (काही लोकांना बघायला दिलेल्या परत आल्या नाहीत, असो.) टीव्ही ५५ इंची ४के, दोन वर्षांपूर्वी घेतला. गंमत म्हणजे टीव्ही नवा आल्यापासून डिस्कचं चित्र उलट खराबच दिसतं. म्हणून प्लेयर बदलावा म्हणतो. घ्यायचाच तर मोठा घेऊ का?

साळवी (सेक्रेटरी): काका, सोमवारी टाकी साफ करणार आहेत, १० ते ४ पाणी बंद. तो मेसेज वर जाता कामा नये. जमलं तर हे पर्सनलवर घ्या.

देशमुख काका, बी-६०३: हो हो. आमचे पिंप भरून झाले.

नीलेश, ए-२०१: काका, मनावर घेऊ नका, पण आता डिस्क कोण बघतं? ८० हजारांच्या वर जातील मोठ्या प्लेयरला. तेवढ्यात ओटीटीची किती वर्षांची वर्गणी होईल बघा.

देशमुख काका, बी-६०३: ओटीटी आहे रे घरी, नातू बघतो. मी एक जुना सिनेमा दोन रात्रींत पुरवून बघायचं ठरवलं. पहिली रात्र ३१ तारीख होती. दुसऱ्या रात्री उघडलं तर सिनेमाच गायब, करार संपला म्हणे. कपाटातली डिस्क अशी पळून जात नाही.

नीलेश, ए-२०१: हे मात्र खरं 😄 पण कंपन्याच सोडून चालल्यात हो. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बंद केले, सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडली, एलजीने २०२४ मध्ये हात वर केले. उद्या बिघडला तर दुरुस्त कोण करणार?

नायर काका, सी-१०२: म्हणून तर माझा जुना ओप्पो मी लेकरासारखा सांभाळतो. पावसाळ्यात कपाटात सिलिकाची पाकिटं ठेवतो, नाहीतर आपल्या हवेत लेन्सवर बुरशी धरते. देशमुख, तुमच्याकडे एसएसीडी आहेत का? असतील तर दोन्ही पॅनासॉनिक बाद. ते एसएसीडी वाजवत नाहीत. सोनीचा एक्स-८००एम२ वाजवतो.

देशमुख काका, बी-६०३: ते काय असतं तेच माहीत नाही.

नायर काका, सी-१०२: जास्त चांगल्या आवाजाच्या गाण्यांच्या सीडी. नाहीत ना, मग सुटलात. ९००० मध्ये जास्तीचे पैसे बहुतेक आवाजाच्या बाजूला जातात. जड पेटी, मागे बॅलन्स्ड आउटपुट म्हणजे ती तीन पिनांची मोठी सॉकेटं, आवाजाच्या सर्किटची वेगळी पाटी. ते सगळं कामाला यायला समोर तसा ॲम्प्लिफायर लागतो. तुमच्याकडे आवाजाला काय आहे?

देशमुख काका, बी-६०३: साउंडबार.

नायर काका, सी-१०२: मग ९००० चा विषय संपला. एचडीएमआयमधून, म्हणजे चित्र-आवाज एकत्र नेणाऱ्या डिजिटल वायरीतून, चित्र काढलंत तर ८२० आणि ९००० मध्ये डोळ्याला फरक दाखवून द्या, मी सगळ्या बिल्डिंगला मिसळ चारतो. चित्रावर काम करणारी चिप दोघांत एकाच घराण्याची आहे.

ओंकार, ए-५०४: मी फरक शोधायला तयार आहे काका 🙋

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: आत्ता बघितलं, लोकलमध्ये होते. देशमुख काका, मला तुमच्या पहिल्या मेसेजमधलं एक वाक्य खटकतंय. टीव्ही नवा आल्यावर डिस्कचं चित्र खराब व्हायचं कारण नाही. मोठ्या पडद्यावर डीव्हीडी थोडी मऊ दिसते हे खरं, पण ब्लू-रे चांगलीच दिसायला हवी. खराब म्हणजे नक्की कसं दिसतं?

देशमुख काका, बी-६०३: तू त्या डबिंग स्टुडिओत असतेस ना, तुला कळेल. सांगतो. एक म्हणजे सगळं धुरकट. दुसरं, नटाने बारीक चौकडीचा शर्ट घातला की त्यावर रंग नाचतात, इंद्रधनुष्य सांडल्यासारखे. तिसरं, सबटायटलच्या अक्षरांच्या कडेने मुंग्या चालल्यासारखं काहीतरी हलत राहतं. काकूला सांगितलं तर म्हणाली मोतीबिंदू तपासून घ्या.

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: काका, प्लेयरच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची वायर लावलेली आहे का?

देशमुख काका, बी-६०३: मागे वाकून बघायचं म्हणजे माझी पाठ.

ओंकार, ए-५०४: काका मी येतो वर. ५ मिनिटं.

साळवी (सेक्रेटरी): ओंकार, येताना खालचा टाकी साफसफाईचा कागद लिफ्टमध्ये चिकटव रे. सेलोटेप वॉचमनकडे आहे.

नीलेश, ए-२०१: ताई, पिवळ्या वायरीने एवढं होतं?

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: होतं ना. त्या एका पिवळ्या वायरीत चित्राचा उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवतात. टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात. बारीक रेघा आल्या की त्याचा गोंधळ होतो, रेघेलाच रंग समजतो. चौकडीच्या शर्टावरचं इंद्रधनुष्य ते हेच. सबटायटलच्या मुंग्याही त्याच वारुळातल्या. शिवाय ब्लू-रेमध्ये १०८० ओळी असतात, पिवळ्या वायरीतून फार तर ५७६ जातात. त्यातून आलेलं चित्र ४के टीव्ही ताणून पडद्यावर पसरवतो. जुना टीव्ही लहान असल्याने खपून जात असेल.

ओंकार, ए-५०४: ताई तुम्ही ज्योतिषी आहात. पिवळी-लाल-पांढरीच आहे 😂 टीव्हीच्या बाजूला एक छोटा ॲडॅप्टर लावून त्यात खोचलीय. प्लेयरचं एचडीएमआय भोक रिकामं, आत कोळ्याचं जाळं.

देशमुख काका, बी-६०३: अरे देवा. टीव्ही बसवायला आला होता तो मुलगा म्हणाला, काका एचडीएमआयला जागा नाही. तीनच होती. सेट-टॉप बॉक्स, नातवाची ओटीटीची स्टिक आणि साउंडबार. मग त्याने याला जुनी वायर लावली. मी म्हटलं चित्र येतंय ना, झालं.

नायर काका, सी-१०२: दोन वर्षं ब्लू-रेची डिस्क घालून डीव्हीडीपेक्षा वाईट चित्र बघितलंत की हो.

देशमुख काका, बी-६०३: त्याच वेळी जुना टीव्ही भंगारात दिला. त्याच्यावर एचडीएमआय होती, आता आठवतंय.

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: ओंकार, सेट-टॉप बॉक्सची काढून प्लेयरला लाव, आत्तापुरती. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशनचं जे काही 'स्मूद' म्हणून असतं ते बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं मनाने भरतो आणि सगळं मालिकेसारखं दिसतं.

देशमुख काकू, बी-६०३: सेट-टॉप बॉक्सला हात लावू नका. साडेबाराला माझा पाककृतीचा कार्यक्रम आहे.

ओंकार, ए-५०४: काकू, स्टिकची काढतोय. नातू आज क्लासला आहे, त्याला कळायच्या आत परत लावतो.

(दुपारी.)

देशमुख काका, बी-६०३: मंडळी, बोलायला शब्द नाहीत. जी ब्लू-रे मी चार वेळा बघितली आहे तीच लावली. नायिकेच्या साडीचा काठ जरीचा आहे हे मला आज कळलं. मी इतकी वर्षं पिवळी पट्टी समजत होतो.

नीलेश, ए-२०१: म्हणजे ८० हजार वाचले. एचडीएमआयचा स्विच आणा, एका भोकात तीन यंत्रं लागतात, हजार-दीड हजारात काम होतं. पार्टी द्या काका.

देशमुख काका, बी-६०३: थांब रे. प्रश्न अजून आहेच. ४के डिस्कचं काय? ती या प्लेयरमध्ये चालत नाही ना?

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: नाही चालत. आणि ४के डिस्क उत्तमच असते, त्यात वाद नाही. १०० जीबीची डिस्क सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत डेटा देऊ शकते. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं, यावरून अंदाज करा. धूर, पाऊस, अंधारातला प्रसंग आला की ओटीटीवर काळ्या रंगात चौकोन चौकोन दिसतात, ते डिस्कवर सहसा नसतं. आवाजही डिस्कवर न कापलेला असतो, ओटीटीवरचा ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, दाबून पाठवलेला असतो. माझा रोजचा धंदा तोच, म्हणून मला तो ऐकू येतो. पण काका, तुमचा सोफा टीव्हीपासून किती लांब आहे?

ओंकार, ए-५०४: मी मोजतो, अजून इथेच आहे. काकूंनी पोहे दिलेत. फरशीच्या टाइल दोन फुटी आहेत... साडेपाच टाइल धरा. ११ फूट.

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: बरोबर नजर असलेल्या माणसाला ५५ इंची टीव्हीवर १०८० चे ठिपके साधारण ७ फुटांपलीकडे वेगळे ओळखू येत नाहीत. ११ फुटांवरून ४के चे जास्तीचे ठिपके तुमच्या डोळ्यापर्यंत पोचणारच नाहीत. दिसेल तो एचडीआरचा फरक, म्हणजे उजेड-अंधाराची खोली. पण त्यासाठी टीव्ही तेवढा प्रखर लागतो. तुमच्यासारख्या साध्या एलईडीवर तो फरक थोडाच दिसेल. सोफा पुढे ओढलात तर गोष्ट वेगळी.

देशमुख काकू, बी-६०३: सोफा जागचा हलणार नाही. मागे देव्हारा आहे, पुढे ओढला तर जाण्यायेण्याची वाट बंद.

नायर काका, सी-१०२: अजून एक, सगळ्यात महत्त्वाचं. पुतण्या *अमेरिकेतला* प्लेयर आणणार. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फक्त १२० वर चालणारं मॉडेल असेल आणि थेट लावलंत तर धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, तो गुणगुणत बसेल. आणि रिजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्याचा कोड! ब्लू-रेला अमेरिका रिजन ए, भारत रिजन सी. तुमच्या ४० ब्लू-रेपैकी ज्यांच्या पाठीवर फक्त सी लिहिलंय त्या तिकडच्या प्लेयरने नाकारल्याच समजा. ४के डिस्कला रिजनची भानगड नाही, पण त्या तुमच्याकडे एकही नाही.

देशमुख काका, बी-६०३: डीव्हीडी?

नायर काका, सी-१०२: डीव्हीडीला अमेरिका १, आपण ५. आपल्या हिंदी-मराठी डीव्हीडी बहुतेक सगळीकडे चालतात, पण इकडे विकत घेतलेल्या हॉलिवूडच्या डीव्हीडींवर ५ असतो. तिकडच्या प्लेयरला आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडी पचतील का, तेही पाहायला हवं. मी एकदा हाच गाढवपणा केलाय, म्हणून सांगतो. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे गाण्या-सिनेमांचं दुकान २०१६ मध्ये बंद होण्याआधी तिथून भरभरून आणलेल्या डिस्क, आणि समोर बहीण घेऊन आलेला प्लेयर. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच वाक्य, चुकीचा रिजन.

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: हा मुद्दा नायर काकांचाच. मी वीज आणि रिजनचा विचारच केला नव्हता. माझं मत असं, काका. ९००० मुळीच नको. ८२० सुद्धा आत्ता नको. आधी ठरवा की पुढच्या वर्षभरात ४के डिस्क खरंच किती घेणार. दहा घेणार असाल तर प्लेयरला अर्थ आहे, आणि तोही २३० व्होल्टचा. घेणार नसाल तर आहे तोच चालवा.

देशमुख काका, बी-६०३: खरं सांगायचं तर दहा नाही घेणार. नवे सिनेमे मला फारसे आवडत नाहीत. पण चालवायचा म्हटलं तरी याचा ट्रे नखरे करतो. बटण दाबलं की अर्धा बाहेर येतो, विचार करतो, परत आत जातो. मी काकूच्या केसांच्या पिनेने ओढतो.

देशमुख काकू, बी-६०३: म्हणून माझ्या पिना हरवतात.

नायर काका, सी-१०२: त्याचं रबरी बेल्ट सैल झालंय. बारीक काळी रबरी गोल पट्टी असते, मोटरवरून ट्रेच्या चाकावर. एवढ्या वर्षांत रबर चिकट होऊन घसरतं. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं, चहापाण्याच्या पैशात. जुनं बेल्ट सोबत न्या, मापाला. झाकणाचे चार स्क्रू काढले की दिसतं, फक्त आधी प्लग काढा.

ओंकार, ए-५०४: मी बुधवारी ग्रँट रोडला जाणारच आहे, घेऊन येतो. उघडतो आत्ताच, काकू अजून पोहे असतील तर.

नीलेश, ए-२०१: मी स्विच ऑर्डर करतो काका, उद्या येईल. ४के चालणारा बघतो, पुढे प्लेयर घेतलात तर परत बदलायला नको.

देशमुख काका, बी-६०३: मंडळी, खूप आभार. पुतण्याला कळवलं, प्लेयर नको. तो विचारतोय मग काय आणू.

देशमुख काकू, बी-६०३: बदाम सांगितलेत. दोन किलो.

साळवी (सेक्रेटरी): चर्चा छान झाली. आता विषय बंद. सोमवार, १० ते ४, पाणी नाही.

देशमुख काका, बी-६०३: साळवी, शेवटचं एकच. आता चित्र नीट दिसतंय तर माझा दोन डिस्कचा निळा डबा परत बघायचा आहे. २०१९ च्या गणपतीत कोणीतरी नेला होता. आतल्या झाकणावर माझी सही आहे. ज्याच्याकडे असेल त्याने कृपया द्यावा.

ओंकार, ए-५०४: 👀

वैशाली कुलकर्णी, सी-४०४: माझ्याकडे नाही काका.

नायर काका, सी-१०२: माझ्याकडेही नाही. मी डिस्क नेली तर वही ठेवतो.

साळवी (सेक्रेटरी): काका, तो माझ्याकडे आहे. संध्याकाळी आणून देतो. मी पर्सनलवर सांगणार होतो.